मलेरिया एकदा झाला तरी पुन्हा का होतो?

गोवर एकदा येऊन गेला की त्या माणसाला तो सहसा पुन्हा होत नाही. मलेरियाचा हिशेब वेगळा आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला अशी कितीतरी गावं आहेत, जिथे शाळेत जायच्या वयाचं होईस्तोवर मुलाला अनेकदा मलेरिया होऊन गेलेला असतो. तरीही पुढच्या पावसाळ्यात डास चावला की पुन्हा थंडी वाजून ताप भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 या एका वर्षात मलेरियाची 26 कोटी 30 लाख दुखणी झाली आणि 5 लाख 97 हजार माणसं दगावली. त्यातले 95 टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे.

शरीराची प्रतिकारशक्ती इतकी हुशार, मग ती याच रोगापुढे कमी का पडते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा रूथ नुसेनझ्वाइग नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करून शोधला. आज मलेरियाच्या दोन लशी आफ्रिकेतल्या मुलांना दिल्या जातात आणि त्यातली एक पुण्यात तयार होते. दोन्ही त्याच कामातून निघाल्या आहेत. पण रूथबाईंनी नेमकं काय शोधलं हे कळायचं तर आधी हा परजीवी अंगात शिरल्यावर काय करतो ते बघावं लागेल.

गोवराच्या विषाणूत जेमतेम सहा जनुकं असतात. मलेरियाचा परजीवी, म्हणजे प्लाझमोडियम, ही अख्खी जिवंत पेशी आहे आणि तिच्यात सुमारे 5,300 जनुकं आहेत. एवढा पसारा असल्याने त्याला एक गोष्ट जमते जी विषाणूला जमत नाही. तो आपल्या अंगात असताना टप्प्याटप्प्याने पूर्ण रूप पालटतो. पहिल्या रूपाच्या अंगावर जी प्रथिनं असतात ती पुढच्या रूपावर नसतात. म्हणजे शरीराने एका रूपाविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, तरी पुढच्या रूपापुढे त्यांचा उपयोग शून्य.

ॲनोफिलिस जातीच्या डासाची मादी चावते तेव्हा ती आधी कातडीत सोंड खुपसून रक्तवाहिनी शोधते आणि शोधताना लाळ सोडते. त्या लाळेतून परजीवी आत येतात. या रूपाला स्पोरोझोइट म्हणतात. ते धाग्यासारखे लांबट असतात आणि सरपटत पुढे जातात. डासाच्या लाळग्रंथीत ते हजारोंनी असले तरी एका चाव्यात साधारण काही डझनच आत उतरतात. काही तिथल्या तिथे कातडीतच अडकून मरतात. ज्यांना केशवाहिनी सापडते ते रक्तात शिरतात आणि काही मिनिटांत यकृतात पोचतात. तिथे एकेक जण एकेका पेशीत घुसतो आणि वाढू लागतो. फाल्सिपेरम या सर्वांत जीवघेण्या जातीत हे काम आठवडाभर चालतं. या काळात माणसाला काहीही होत नाही. ताप नाही, अंगदुखी नाही, रक्त तपासलं तरी काही सापडत नाही. मग ती यकृताची पेशी फुटते आणि एका स्पोरोझोइटपासून तयार झालेले हजारो नवे परजीवी रक्तात उतरतात. यांचं रूप आता वेगळं आहे आणि यांना हव्या असतात तांबड्या पेशी. दर 48 तासांनी तांबड्या पेशी फुटतात, परजीवींची नवी पिढी बाहेर पडते आणि ताप चढतो. डॉक्टरकडे आपण जातो ते इथून पुढे.

आता हेच सगळं प्रतिकारशक्तीच्या बाजूने बघू.

रक्तातल्या टप्प्यात शत्रू अब्जावधींच्या संख्येने समोर असतो, म्हणजे ओळखायला सोपा असायला हवा. पण तो लपायला जागा मोठी बेरकी निवडतो. आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत जे काही चाललंय त्याचे छोटे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडत असते. टी-पेशी ते तुकडे तपासत फिरतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशीच मारून टाकतात. विषाणूंविरुद्ध ही पद्धत फार कामी येते. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत मात्र केंद्रक नसतं आणि तुकडे मांडायची यंत्रणाही नसते. त्यामुळे मारेकरी टी-पेशी तिच्या शेजारून जातात आणि आत कोण बसलंय ते त्यांना कळत नाही.

उरतात अँटीबॉडी. फाल्सिपेरम तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर स्वतःचं एक प्रथिन काढतो, ज्याच्या जोरावर ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. या प्रथिनावर अँटीबॉडी बसू शकते. पण त्याच्यासाठी परजीवीकडे सुमारे 60 वेगवेगळी जनुकं आहेत आणि एका वेळी तो साधारण एकच वापरतो. शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या, की तोवर काही परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. वर एका गावातल्या परजीवीचे 60 आणि दुसऱ्या गावातल्याचे 60 सारखे नसतात. म्हणून मलेरियाच्या गावात वाढलेल्या माणसाला संरक्षण मिळतं ते वर्षानुवर्षं चावे सोसून, तुकड्यातुकड्याने, आणि तेही अर्धवट. रक्तात परजीवी असतात पण तो गंभीर आजारी पडत नाही. पुढे तो माणूस कामासाठी परदेशी गेला आणि काही वर्षांनी परतला, तर ही कमाईही बरीचशी ओसरलेली असते. तोवर लहान मुलांनी जी किंमत मोजली ती वरच्या आकड्यांत आहेच.

आणि पहिला टप्पा? स्पोरोझोइट कातडीत आणि रक्तात उघड्यावर असतो तो मिनिटांपासून फार तर एखाद-दोन तास. संख्या किरकोळ. यकृतात अब्जावधी पेशी असतात आणि त्यातल्या मूठभर पेशींत परजीवी बसलेला असतो. यकृताच्या पेशीला केंद्रक आहे, ती आतले तुकडे बाहेर मांडतेही, पण टी-पेशींची नवी फौज उभी राहायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात परजीवी तिथून निघून गेलेला असतो. थोडक्यात, ज्या टप्प्यात शत्रू सर्वांत कमी आणि सर्वांत दुबळा असतो, नेमका तोच टप्पा शरीराच्या लक्षात राहत नाही. ही गोष्ट आज इतक्या सरळ सांगता येते, कारण कोणीतरी ती उलट करून दाखवली.

रूथ यांचा जन्म 1928 मध्ये व्हिएन्नात, ज्यू घरात. आईवडील दोघंही डॉक्टर. ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेल्यावर 1939 मध्ये कुटुंब ब्राझीलला पळालं. साओ पावलोच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तिथेच सहाध्यायी व्हिक्टर नुसेनझ्वाइग भेटले. दोघांनी लग्न केलं आणि पुढची सहा दशकं बरोबर संशोधन केलं. विद्यार्थी असतानाच त्यांनी एक उपयोगाचं काम केलं होतं. दक्षिण अमेरिकेत शागस नावाचा परजीवीचा आजार दिलेल्या रक्तातून पसरत असे. रक्ताच्या बाटलीत जेन्शन व्हायोलेट घातलं, म्हणजे तोंड आलं की आपल्याकडे जे जांभळं औषध लावायचे तेच, तर परजीवी मरतो हे या मंडळींनी 1953 मध्ये दाखवलं. रक्त जांभळं दिसायचं, पण रोग थांबायचा.

पुढे पॅरिस, मग न्यूयॉर्क विद्यापीठ. मध्ये ब्राझीलला परतायचा विचार होता, पण 1964 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि दोघं न्यूयॉर्कलाच राहिली. तिथे रूथबाईंनी मलेरिया हातात घेतला. त्या काळात मलेरियाची लस हा विषय शहाण्या माणसाने नाद धरावा असा समजला जात नव्हता. आजार होऊनही जिथे संरक्षण मिळत नाही तिथे लस काय देणार, असा तो साधा युक्तिवाद. डीडीटीची फवारणी आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या यांनी मलेरिया संपेलच, अशीही हवा होती.

तरी एक जुना धागा होता आणि तो भारतातला होता. 1941 मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत मुलिगन, रसेल आणि मोहन या तिघांनी कोंबड्यांच्या मलेरियाचे स्पोरोझोइट अतिनील किरणांनी निकामी करून कोंबड्यांना टोचले होते. काही कोंबड्यांना त्याने खरंच संरक्षण मिळालं. पण कोंबडीचा मलेरिया सस्तन प्राण्याच्या मलेरियापेक्षा बराच वेगळा, आणि तेव्हा काम तिथेच राहिलं.

सस्तन प्राण्यावर प्रयोग करायचा तर उंदराला होणारा मलेरिया हवा. तो 1948 मध्ये बेल्जियन काँगोतल्या कटांगा भागात, रानउंदरांत सापडला होता. नाव प्लाझमोडियम बर्घाई. अडचण एवढीच, की प्रयोगशाळेतल्या डासांत तो नीट वाढत नव्हता. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मायर योएली यांनी ओळखलं की कटांगाच्या त्या थंड, उंच जंगलातलं तापमान डासांना दिलं पाहिजे. डासांचा पिंजरा 21 अंशांवर ठेवल्यावर जोमदार स्पोरोझोइट मिळू लागले. विज्ञानाच्या इतिहासात असली कामं तळटिपेत जातात, पण हे 21 अंश जमले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि यासाठी वापरलेला डास कोणता? ॲनोफिलिस स्टीफेन्साय. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा, महापालिकेची माणसं ज्याच्या अळ्या शोधत फिरतात, तोच.

डासांच्या लाळग्रंथी एकेक करून काढायच्या आणि त्यातून स्पोरोझोइट गोळा करायचे, हे डोळे फुटेस्तोवर करायचं काम. ते जेरोम वँडरबर्ग करत. रूथबाईंनी या स्पोरोझोइटवर क्ष-किरण सोडले आणि मग ते उंदरांना टोचले. क्ष-किरणांची मात्रा हाच इथे सगळा खेळ होता. जास्त झाली तर परजीवी मेल्यात जमा आणि मेलेला स्पोरोझोइट शरीराला फारसं काही शिकवत नाही. कमी पडली तर उंदराला मलेरियाच होणार. मधल्या मात्रेत परजीवीचा डीएनए मोडतो, पण तो हालचाल करू शकतो. तो यकृतापर्यंत जातो, पेशीत घुसतो, वाढायला लागतो आणि थोड्याच वेळात अडून राहतो. पेशी फुटत नाही, रक्तात काही उतरत नाही. उंदराला आजार नाही, आणि प्रतिकारशक्तीला एरवी न मिळणारी सवड मिळते. एकावेळी हजारो स्पोरोझोइट, पळून न जाणारे, यकृताच्या पेशीत बसलेले.

अशा उंदरांना नंतर धडधाकट स्पोरोझोइट टोचले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना मलेरिया झाला नाही. 1967 मध्ये हा निबंध ‘नेचर’मध्ये आला. पुढे मात्रा पुन्हापुन्हा देऊन संरक्षण जवळजवळ पूर्ण करता आलं. मला यातला सर्वांत बोलका प्रयोग मात्र दुसराच वाटतो. याच सुरक्षित उंदरांना त्यांनी स्पोरोझोइट न देता मलेरिया झालेल्या उंदराचं रक्त टोचलं. ते उंदीर इतर कुठल्याही उंदरासारखे सरळ आजारी पडले. म्हणजे शरीर जे शिकलं होतं ते फक्त पहिल्या रूपाबद्दल. रक्तातलं रूप त्याच्या दृष्टीने पूर्ण अनोळखी होतं. परजीवी एक पण प्रतिकारशक्तीच्या लेखी तो दोन वेगळे रोग, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

1969 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. संरक्षित उंदराच्या रक्तद्रवात जिवंत स्पोरोझोइट टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर परजीवीच्या मागच्या टोकाला लांब शेपटीसारखा धागा तयार होत होता. अँटीबॉडी त्याच्या अंगावरच्या आवरणाला चिकटत होत्या आणि तो ते आवरण मागे सारत होता. पाल पकडली की शेपूट तुमच्या हातात ठेवून पळते, काहीसा तसा प्रकार. पण अँटीबॉडी मुबलक असतील तर स्पोरोझोइट पुढे सरकू शकत नाही आणि यकृताच्या पेशीत शिरू शकत नाही. त्या आवरणात काहीतरी एक प्रथिन फार महत्त्वाचं होतं.

माणसांवर हे चालतं का? मेरिलँड विद्यापीठातल्या डेव्हिड क्लाइड यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला किरणं दिलेले डासच स्वयंसेवकांना चावायला लावून पाहिलं आणि काहींना खरंच संरक्षण मिळालं. ते स्वयंसेवक तुरुंगातले कैदी होते. आज असा प्रयोग कोणी मंजूर करणार नाही. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं, की खात्रीचं संरक्षण हवं तर असे हजारांहून जास्त चावे घ्यावे लागतात. लस म्हणून हे अर्थातच निरुपयोगी होतं. मुलांच्या दंडावर डबाभर डास कोण सोडणार? पण लस अशक्य आहे, हे वाक्य आता कोणाला म्हणता येईना.

आता शोध होता त्या प्रथिनाचा. एकाच प्रकारची, एकाच जागी बसणारी अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती 1975 मध्ये केंब्रिजमध्ये सापडली होती. रूथ आणि व्हिक्टर यांच्या गटाने ती वापरून 1980 मध्ये स्पोरोझोइटच्या आवरणातल्या एकाच प्रथिनाला धरणारी अँटीबॉडी वेगळी काढली. ती नुसती टोचली तरी उंदीर मलेरियापासून वाचत होते. त्या प्रथिनाला सीएसपी म्हणतात. काही वर्षांत त्याचं जनुकही वाचलं गेलं आणि त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. फाल्सिपेरमच्या सीएसपीच्या मधल्या भागात चार अमिनो आम्लांचा एकच तुकडा, त्याच क्रमाने, 40च्या आसपास वेळा ओळीने येतो. आणि जगातल्या कुठल्याही देशातला फाल्सिपेरम घ्या, हा तुकडा तोच असतो. रक्तातल्या टप्प्यात 60 मुखवटे बदलणारा परजीवी इथे मात्र एकाच चेहऱ्याने वावरतो.

लोक हुरळले. अमेरिकी सरकारच्या परदेश मदत संस्थेने 1984 मध्ये जाहीर केलं की पाच वर्षांत लस येईल. 1987 मध्ये या तुकड्यापासून बनवलेल्या पहिल्या लशी मूठभर स्वयंसेवकांवर तपासल्या, तेव्हा बहुतेकांना मलेरिया झालाच. लस यायला त्या घोषणेपासून 37 वर्षं लागली.

का? यामागे नुसती चालढकल नव्हती. एक साधा हिशेब करून बघू. समजा एका चाव्यात 30 स्पोरोझोइट आले आणि लशीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडींनी त्यातले 29 अडवले. परीक्षेत हे 97 टक्के होतात. पण सुटलेला तो एक यकृतात जाऊन, समजा, 30 हजार परजीवी बनवणार. लस न घेतलेल्या माणसात तीसही जण पोचले असते तर 9 लाख बनले असते. रक्तात परजीवी दर दोन दिवसांत दसपटीच्या आसपास वाढू शकतात. म्हणजे 30 हजारांवरून 9 लाखांवर पोचायला त्यांना जेमतेम तीन दिवस पुरतात. लशीने 97 टक्के काम केलं आणि माणसाच्या वाट्याला काय आलं, तर ताप तीन दिवस उशिरा. वर या टप्प्यात अडवलेल्यांची शिकवण पुढच्या टप्प्यात कामी येत नाही, हे उंदरांनी आधीच सांगितलेलं. बाकी बहुतेक लशींना आत आलेल्या जंतूंचा जोर कमी केला तरी चालतं. इथे शेवटचा स्पोरोझोइटसुद्धा अडवावा लागतो, तोही चावल्यापासून थोड्या वेळात. त्यासाठी रक्तात अँटीबॉडी आधीपासून प्रचंड प्रमाणात तयार हव्यात. जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी जाग्या होऊन नव्या अँटीबॉडी बनवेपर्यंत खेळ संपलेला असतो.

या हिशेबात यकृतातली टी-पेशींची लढाई कामी येऊ शकते. 1987 मध्ये याच प्रयोगशाळेतून दिसलं, की सीडी8 जातीच्या, म्हणजे मारेकरी, टी-पेशी आणि त्या सोडतात ते गॅमा इंटरफेरॉन नावाचं प्रथिन यकृतातला परजीवी मारू शकतात. किरणं दिलेला अख्खा परजीवी अँटीबॉडी आणि टी-पेशी दोन्ही उभ्या करतो. एकाच प्रथिनाची लस मुख्यतः अँटीबॉडीवर चालते. संशोधकांना हे माहीत होतं, पण कारखान्यात बनवता येणारी वस्तू दुसरीच होती.

मग उपाय काढला अँटीबॉडी वाढवण्याचा. स्मिथक्लाइन कंपनीने (ती पुढे ग्लॅक्सोत विलीन झाली) बेल्जियममध्ये, अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेबरोबर, सीएसपीचा तुकडा हेपटायटिस-बीच्या आवरण-प्रथिनाला जोडला. हे प्रथिन आपोआप गोल कण बनवतं, त्यामुळे तुकडा शेकड्यांनी एकत्र दिसतो आणि शरीर खडबडून जागं होतं. त्यात भर म्हणून प्रतिकारशक्तीला डिवचणारी पूरक द्रव्यं घातली. त्यातलं एक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यात आणि शिकेकाईत फेस करणारं जे सॅपोनिन असतं, त्याच कुळातलं. 1997 मध्ये या लशीचा नवा अवतार सात स्वयंसेवकांना दिला, त्यातले सहा वाचले. ही आरटीएस,एस. आफ्रिकेतल्या सात देशांत 15 हजारांहून जास्त मुलांवर तिची मोठी चाचणी झाली. वय पाच ते सतरा महिने असलेल्या मुलांना चार मात्रा दिल्या, तर चार वर्षांच्या काळात मलेरियाची दुखणी 36 टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या वर्षी संरक्षण बरंच जास्त, मग अँटीबॉडी उतरत गेल्या तसं तेही उतरलं.

36 टक्के ऐकून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण ज्या मुलाला वर्षात अनेकदा ताप येतो त्याची एक-दोन दुखणी टळणं ही लहान गोष्ट नाही. घाना, केनिया आणि मलावीत 2019 पासून ही लस नेहमीच्या लसीकरणात देऊन पाहिली, तेव्हा लशीच्या वयाच्या मुलांत अपघात सोडून बाकी सगळ्या कारणांनी होणारे मृत्यू मिळून 13 टक्क्यांनी घटले. एका लशीने मुलांचे एकूण मृत्यूच इतके खाली यावेत, हे सार्वजनिक आरोग्यात क्वचित दिसतं. 6 ऑक्टोबर 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. रूथबाई त्याआधी साडेतीन वर्षं, 1 एप्रिल 2018 रोजी, न्यूयॉर्कमध्ये वारल्या होत्या.

दुसरी लस आर21. ती ऑक्सफर्डच्या जेनर संस्थेत घडली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. तुकडा तोच, सीएसपीचा. फरक असा, की आरटीएस,एसच्या कणात हेपटायटिसचं नुसतं प्रथिन बरंच असतं, तर आर21च्या कणात प्रत्येक रेणूला मलेरियाचा तुकडा जोडलेला असतो. शरीराचं लक्ष त्यामुळे मलेरियावर जास्त जातं. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियातल्या 4,800 मुलांवरच्या चाचणीत, पावसाळा सुरू होण्याच्या तोंडावर मात्रा दिलेल्या ठिकाणी पहिल्या वर्षात दुखणी 75 टक्क्यांनी घटली. हा आकडा आधीच्या 36 शेजारी ठेवून पुण्याची लस दुपटीने चांगली म्हणणं चूक आहे. एक आकडा एका वर्षाचा, दुसरा चार वर्षांचा, आणि मात्रा देण्याची वेळही वेगळी. दोघींची समोरासमोर तुलना झालेली नाही. पुण्याची खरी कमाई संख्येत आणि किमतीत आहे. वर्षाला दहा कोटी मात्रा बनवायची क्षमता, आणि एका मात्रेला दोन ते चार डॉलर. गरीब देशांच्या तिजोरीला हे परवडतं. 2 ऑक्टोबर 2023 रोजी तिचीही शिफारस झाली.

क्ष-किरणांची जुनी वाटही बंद झालेली नाही. किरणं दिलेले फाल्सिपेरम स्पोरोझोइट टोचून घेतलेल्या एका स्वयंसेवकाच्या रक्तातून अमेरिकेतल्या संशोधकांनी एक जबरदस्त अँटीबॉडी शोधली. तीही सीएसपीलाच धरते. तिच्यात थोडा बदल केला की ती महिनोन्‌महिने अंगात टिकते. मालीत प्रौढांना तिची एकच मोठी मात्रा शिरेतून दिली, तेव्हा सहा महिन्यांच्या मलेरियाच्या हंगामात तिने 88 टक्के संरक्षण दिलं. लशीने शरीराला शिकवायचं आणि मग वाट बघायची, त्याऐवजी तयार अँटीबॉडीच हातात द्यायची. महाग आहे, पण हिशेब तोच आहे: डास चावायच्या आधी रक्तात पुरेशी अँटीबॉडी हजर हवी.

पुण्यात लस बनते म्हटल्यावर आपल्याकडे ती का देत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर डासापेक्षा परजीवीच्या जातीत आहे. या लशी फाल्सिपेरमच्या सीएसपीवर बेतलेल्या आहेत. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम जास्त आढळतो, पण आफ्रिकेतल्या गावांइतका चाव्यांचा मारा तिथे नाही. मच्छरदाण्या, फवारणी, घरी येऊन काचपट्टीवर रक्त घेणारी आरोग्य कर्मचारी आणि वेळेवर औषध, यांनी तिथे अजून बरंच साधता येतं. आणि मुंबईत टाकीतल्या डासापासून होतो तो मलेरिया मुख्यतः व्हायव्हॅक्स जातीचा. व्हायव्हॅक्सच्या सीएसपीतला पुनरावृत्त होणारा तुकडा वेगळा आहे, शिवाय जगात त्याचे एकापेक्षा जास्त प्रकार आढळतात. पुण्याची लस त्याच्यावर चालणार नाही.

व्हायव्हॅक्सची आणखी एक खोड आहे. त्याचे काही स्पोरोझोइट यकृतात जाऊन वाढतच नाहीत, झोपून राहतात. आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात आणि डास न चावताही माणसाला पुन्हा ताप येतो. म्हणून व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला क्लोरोक्विनबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन, म्हणजे यकृतात झोपलेल्यांना मारणारं औषध, देतात, आणि ताप उतरला की पुष्कळ जण ते अर्ध्यावर सोडतात. लशीपुढचं कामही त्यामुळे अवघड होतं. एखादा स्पोरोझोइट सुटला, तर त्याचा हिशेब आठवड्यात लागत नाही. तो पुढच्या पावसाळ्यातही उठू शकतो. रूथ आणि व्हिक्टर नुसेनझ्वाइग यांनी शेवटच्या वर्षांत ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांबरोबर व्हायव्हॅक्सच्या सीएसपीवरच काम केलं. उंदरांत त्या लशीने चांगल्या अँटीबॉडी उभ्या केल्या होत्या.